ऋजुलेचा घाम

पूर्वी कृतयुगात, देव आणि माणसे एकमेकांच्या दारात उठबस करीत आणि स्वर्गाची वाट डोंगरातल्या पायवाटेइतकी मळलेली होती, त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस शुष्मती नदीच्या तीरावर शुचिव्रत मुनींचा आश्रम होता. ऐन, बेहडा, मोह आणि पळस यांच्या दाट छायेत वसलेल्या त्या पर्णकुट्या, गोमयाने सारवलेली ती अंगणे, होमधुराने काळवंडलेले ते पल्लव आणि सामगायनाने भारलेली ती प्रभात यांचे वर्णन करावे तेवढे थोडेच. वाघ आणि हरीण तिथे एका पाणवठ्यावर पाणी पीत असे म्हणतात. सगळ्याच आश्रमांबद्दल म्हणतात, तेव्हा इथेही पीत असतील. पण ती अंगणे रोज सारवत कोण होते, पाणी वाहत कोण होते आणि देवांच्या हवीचा, म्हणजे आहुतीचा, भात कांडत कोण होते, हे सांगायचे राहून जाते. ते काम बायका करीत होत्या, आणि करता करता घामाघूम होत होत्या.

शुचिव्रत मुनी वेदवेदांगपारंगत, जितेंद्रिय आणि महातपस्वी होते. शुचितेचे त्यांना भारी वेड. त्यांनी सहा ऋतूंचे महासत्र आरंभले होते. यज्ञभूमीभोवती दर्भाची दोरी ओढली होती आणि दोरीच्या आत जे दीक्षा घेऊन बसले त्यांनी पूर्णाहुती होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचे नाही, असा दंडक होता. फळही तसेच थोर होते. सत्र निर्विघ्न पार पडले तर दोरीच्या आतले सगळे देहासकट स्वर्गात जाणार होते, जिथे भूक नाही, जरा नाही, मरण नाही.

मुनींची पत्नी ऋजुला. दीक्षा घेतली तेव्हा तिच्या कुशीत नुकता जन्मलेला वेणुक होता. ग्रीष्म उजाडला तेव्हा तो रांगत होता. हवीचा भात यजमानाच्या पत्नीनेच कांडावा असा नियम असल्यामुळे तिने तोवरचे पाचही ऋतू मुसळ खाली ठेवले नव्हते. अध्वर्यू, म्हणजे यज्ञाची सगळी हातची कामे पाहणारा मुख्य ऋत्विज, कात्यव नावाचा होता. विद्वान होता, आणि जिभेचा तिखट होता.

ज्येष्ठातली दुपार होती. वारा पडला होता. ऋजुलेने मुसळ उचलले, उखळात टाकले, पुन्हा उचलले, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक थेंब सुटून भातात पडला.

“थांबा,” कात्यव म्हणाला. “हवीचा भात बाटला.”

“कशानं?”

“तुमच्या नाकानं. बघा, दुसरा थेंब लोंबतोय अजून. देवांना भात द्यायचा आहे, यजमानीणबाई. तुमचं मीठ त्यांनी मागितलेलं नाही.”

बाकीचे ऋत्विज हसले. ते वडाच्या पारावर सावलीत बसलेले होते, आणि त्यांच्याही काखा भिजलेल्या होत्या, पण त्यांच्या काखेतले उखळात पडत नव्हते.

तो भात नदीकाठी पुरला गेला. संध्याकाळी ऋजुला नवऱ्यासमोर उभी राहिली.

“तुमचं तप एवढं मोठं आहे,” ती म्हणाली, “देव तुमच्या हाकेला येतात. मग हा घामच काढून टाका. माझाही काढा, त्या हसणाऱ्यांचाही काढा. सगळे कोरडे झाले म्हणजे कोणी कोणाला हसणार नाही.”

रागाच्या भरात मागू नये ते माणूस मागते. तिनेही मागितले. पुढे जे झाले त्याचा दोष एकट्या मुनींवर ढकलणे न्यायाचे नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुनी शुष्मतीच्या पात्रात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. ती नदी दोरीच्या आतून वाहत होती, म्हणून तेवढी मोकळीक होती. त्यांनी जलाधिपती, पाशहस्त, मकरवाहन अशा वरुणाचे ध्यान केले. नदीचे पाणी वाहायचे थांबले. आवाजही थांबला. आणि त्या स्तब्ध पाण्यातून वरुण वर आला तो पापणी न हलवता. त्याच्या वस्त्रांतून धारा लागल्या होत्या, पण त्याच्या पायाखालची वाळू कोरडीच राहिली.

“हे मुने, वर माग.”

“हे जलेश्वरा, या यज्ञभूमीत कोणाच्याही अंगावर घाम राहू नये.”

वरुण म्हणाला, “नदी कोणाची नसते. पाऊस कोणाचा नसतो. माझ्या साऱ्या राज्यात घाम हे एकच पाणी असं आहे, की त्याला धनी असतो. ते मी काढू शकतो. आटवू शकत नाही. काढल्यावर ठेवू कुठे?”

जन्मभर ज्याने दोरीच्या आत काय आणि बाहेर काय एवढेच पाहिले, तो दुसरे काय सांगणार? मुनी म्हणाले, “सीमेबाहेर ठेवा. दोरीच्या आत अपवित्र काही नको.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“बाहेर म्हणजे बाहेर.”

“तथास्तु,” वरुण म्हणाला. “उन्हाची बाधाही तुम्हाला होणार नाही. जे बाहेर राहील त्याची मात्र चौकशी करत जा.” एवढे बोलून तो पाण्यात उतरला, आणि नदी पुन्हा वाहू लागली.

पहिले काही दिवस सगळ्यांना आनंद झाला, हे खोटे नाही. ज्येष्ठाचे ऊन डोक्यावर जळत होते आणि माणसे अंगावर चंदनाची उटी लावल्यासारखी फिरत होती. कातडी सावलीतल्या खापरासारखी गार आणि कोरडी झाली. वल्कले धुवावी लागेनात. माश्या बसेनात. ऋजुलेने एका बैठकीत दोन बैठकींचा भात कांडला आणि कात्यवापुढे नेऊन आदळला.

“बघा काय सापडतंय ते.”

कात्यवाने भात चिवडला. काही सापडले नाही, त्यामुळे तो थोडा हिरमुसला.

मग होमधेनू बिथरली. रोजचा दोहणारा जवळ गेला की ती डोळे पांढरे करून मागे सरायची. त्याच्या हाताला, मानेला हुंगायची, काही मिळत नाही असे पाहून थरथरायची, आणि पान्हा चोरायची. आश्रमातला कुत्रा सगळ्यांवर भुंकू लागला, आणि पुढे भुंकायचा थांबून नुसता सीमेकडे पाहत बसू लागला.

भर दुपारी, सावली पायाशी गोळा होते त्या वेळी, दोरीच्या बाहेर ओली पावले दिसू लागली. तापलेल्या खडकावर पाऊल उमटायचे, वाळायचे, शेजारी दुसरे उमटायचे. चालणारे कोणी दिसत नसे. पावले दोरीपर्यंत यायची आणि तिथे थांबायची. थांबली तिथली माती भिजून काळी पडायची, आणि ती वाळली की वर मिठाची पांढरी कड राहायची. बटूंनी ही गोष्ट मुनींना सांगितली. मुनींनी विचारले, “आत येतात का?” बटू म्हणाले, “नाही.” मुनी म्हणाले, “मग झालं.”

पण ऋजुलेचे झाले नव्हते. तिच्या घरात त्याहून वाईट चालले होते. वेणुक तिच्या अंगावर प्यायचा बंद झाला होता.

तिने त्याला जवळ घेतले की तो मान वळवायचा. छातीशी नाक नेऊन शोधायचा, तिच्या गळ्यात शोधायचा, काखेत शोधायचा, आणि मग परक्या बाईच्या मांडीवर दिल्यासारखा ताठ होऊन किंचाळायचा. दुधाने तिची छाती दगडासारखी झाली. गाय आटलेली, म्हणून तेही दूध नाही. ती त्याला नावाने हाक मारायची, झोके द्यायची, ओव्या म्हणायची. तो तिच्या तोंडाकडे पाहायचा, आवाज ऐकायचा, आणि तरी तिला शोधायचा. आई समोर बसलेली, आणि पोर आईला शोधतेय. हे ज्या बाईने पाहिले नाही तिला ते सांगून कळणार नाही.

आणि दुपार झाली की तो गप्प व्हायचा. कुठेतरी जायचा, आणि यायचा तेव्हा त्याचे ओठ पांढरे असायचे.

एका दुपारी ती त्याच्या मागावर गेली. वेणुक अंगण ओलांडून रांगत गेला, वेदीला वळसा घालून गेला, दोरीखालून सरपटत बाहेर गेला. बाहेर ऐनाच्या झाडाखाली एक बाई पाय पसरून बसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मुलाला उचलून छातीशी धरले.

ती बाई पाण्याची होती. तिच्या आरपार ऐनाचे खोड दिसत होते, आणि खोडावरचे मुंगळे तिच्या पोटातून चालल्यासारखे वर चढत होते. तिचे केस कपाळाला चिकटलेले. कोपरांवरून, हनुवटीवरून थेंब ओघळत होते आणि ओघळलेले पुन्हा तिच्यातच जात होते. नाक, डोळे, डाव्या भुवईतला व्रण, सगळे ऋजुलेचे होते.

आणि ती एकटी नव्हती. बटू ज्यांची पावले सांगत होते ते सगळे आता ऋजुलेला दिसू लागले. दोरीच्या कडेकडेने, सबंध यज्ञभूमीभोवती, ते उभे होते. पाणक्या बायका, समिधा फोडणारे, बटू, ऋत्विज, ज्याचा त्याचा घाम ज्याच्या त्याच्या रूपात आत तोंड करून उभा होता. कात्यवाचा चांगला ऐसपैस होता. कोणी हाका मारीत नव्हते. ते नुसते वाट पाहत होते.

ऋजुला दोरीपाशी थांबली. “माझं मूल दे.”

“घेऊन जा की,” ओली बाई म्हणाली. आवाजही ऋजुलेचाच, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. “मी का त्याला बांधून ठेवलंय? तोच येतो रोज.”

“मी त्याची आई आहे.”

“असशील. त्याला ते ठाऊक नाही.”

“मी जन्म दिलाय त्याला.”

“आणि तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं? नवरा नदीवर जपाला बसला होता. तू कळा देत होतीस तेव्हा कपाळापासून टाचेपर्यंत मी होते. तो बाहेर आला तो आधी माझ्यात भिजला, मग तुझ्या कुशीत निजला. तुझं तोंड त्याने पुढे कधीतरी ओळखलं. मला पहिल्या श्वासाला ओळखलं.”

एवढ्यात वेणुकने तोंड सोडले आणि तो रडू लागला. रडणे कसले, कोरड्या पानासारखा आवाज नुसता. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत मीठ बसले होते.

“तू काय पाजतेस त्याला?”

ओल्या बाईचे तोंड पहिल्यांदाच पडले. “माझ्याजवळ दुसरं काय आहे? जे आहे ते पाजते. तो पितो आणि रडतो, रडतो आणि पुन्हा पितो. मला कळत नाही त्याला आणखी काय हवंय.”

तेव्हा ऋजुलेच्या ध्यानात आले, की दूध आहे ते आपल्याजवळ, आणि ओळख आहे ती हिच्याजवळ, आणि या दोघींच्या मध्ये हे लेकरू आजउद्या वाळून जाणार आहे.

तिने दोरी ओलांडायला पाय उचलला.

“ऋजुले, पाऊल मागे घे.” शुचिव्रत मुनी वेदीवरून धावत आले होते, त्यांच्या मागे कात्यव. “पूर्णाहुती परवा आहे. सहा ऋतूंचं पुण्य तू एका पावलात टाकू नकोस. एवढं होऊ दे, मग आपण तिघेही अशा लोकात असू की जिथे मूल कधी भुकेजणार नाही.”

“ते परवापर्यंत जगायचं नाही.”

“मी प्राणरक्षणाचा मंत्र म्हणतो.”

“म्हणा. दूध येतंय का बघा त्याने.”

“दीक्षित स्त्रीने सीमा ओलांडली तर तिला स्वर्ग नाही. हा माझा नियम नव्हे, श्रुतीचा आहे. परत आत येता येणार नाही तुला.”

“पोर बाहेर आहे,” ऋजुला म्हणाली, “मी आत राहून काय करू?” आणि तिने दोरी ओलांडली.

वरुणाचा वर दोरीपुरता होता. बाहेर पाऊल पडताक्षणी ज्येष्ठाचे सारे ऊन एकदम तिच्यावर कोसळले. इतके दिवस अंगाला न लागलेला उन्हाळा एका घटकेत लागला. कातडी तापली, डोळ्यांपुढे लाल पडदे हलू लागले, आणि अंगातून एक थेंब फुटेना. भट्टीत विसरलेल्या घागरीसारखी ती आतून तडकू लागली. दोन गुडघ्यांवर ती ऐनापर्यंत सरकत गेली.

“परत ये माझ्यात.”

“का म्हणून?” ओली म्हणाली. “पुन्हा कोणी हसेल, आणि तू मला पुन्हा काढून टाकशील.”

“चारचौघांत हसले म्हणून मला तुझी लाज वाटली,” ऋजुला म्हणाली. जीभ टाळ्याला चिकटत होती, तरी तिने आवाज चढवला, दोरीच्या आत पोहोचेल एवढा. “मला वाटलं मी मळ काढून टाकला. मी माझंच माणूस दाराबाहेर काढलं होतं. ऐकताय ना तुम्ही, कात्यव? त्या उखळात पडली ती मी होते. त्या भाताला हात लावायला मी जेवढी चालत होते, तेवढीच ती चालत होती.”



ओली बाई मुलाला घेऊन उठली. ती उभी राहिली तेव्हा ऋजुलेहून उंच वाटली, आणि तिचा आवाज आता विहिरीतून नव्हे तर त्या कडेकडेने उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम आला.

“ऐक तर. मी येईन, पण दासी होऊन येणार नाही. आजवर तू कष्टलीस की मी येत होते आणि तू पुसलंस की जात होते. यापुढे मी विचारून येणार नाही. भ्यालीस की येईन. खोटं बोललीस की तळहातावर येईन. लपवायला जाशील ते तुझ्या कपाळावर चारचौघांना दाखवीन. आणि ज्या दिवशी तू मरशील, त्या दिवशी सगळ्यांनी तुझा हात सोडला तरी मी शेवटपर्यंत तुझ्या कपाळावर असेन. हे तुझ्यापुरतं नाही. तुझ्या पोराला, त्याच्या पोरांना, जोवर माणूस आहे तोवर लागू. कबूल असेल तर हात पुढे कर.”

ऋजुलेने हात पुढे केले.

आधी केसांच्या मुळाशी काहीतरी रुतल्यासारखे झाले. मग वरच्या ओठावर, गळ्याच्या खोबणीत, काखेत, पाठीच्या कण्यावरून खाली, एक एक करून सगळी बंद दारे उघडली आणि ती बाई तिच्यात शिरली. ऋजुला थरथरत राहिली. तिचे लुगडे भिजून अंगाला चिकटले. मांडीवर मूल होते. त्याने नाक वर केले. छातीशी शोधले, गळ्यात शोधले, आणि शोधता शोधता एकदम थांबले. मग त्याने दोन्ही मुठींनी तिला धरले आणि ते प्यायला लागले. त्याच्या घशाचा आवाज दोरीच्या आत ऐकू जात होता.

मुनी दोरीपाशी उभे राहून ते ऐकत होते.

“या बाहेर,” ऋजुला म्हणाली. “तुमचा तिथे उभा आहे, मोहाखाली. बघा तरी त्याच्याकडे.”

मुनींनी पाहिले. मोहाखाली त्यांच्याच जटा, त्यांचाच वाकलेला खांदा, आरपार दिसणारा तो हात जोडून उभा होता, आणि त्याचे डोळे मुलावर होते.

“तो माझा नाही,” शुचिव्रत मुनी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. वरुणाने तेही नेले होते, की मुळातच नव्हते, हे सांगता येत नाही.

“यजमानपत्नी नसेल तर दर्भाची करता येते,” कात्यवाने खालच्या आवाजात सांगितले. “शास्त्राची आडकाठी नाही.”

“करा,” मुनी म्हणाले.

त्यांनी दर्भाची बायको केली. तिला दर्भाचे हात, दर्भाचे केस, गळ्यात पोत. तिला मुनींच्या डाव्या हाताला बसवली. ती घामेजत नव्हती, उलट बोलत नव्हती, आणि कांडणही दुसऱ्यांकडून करून घ्यावे लागले. पूर्णाहुतीच्या दुपारी अग्नी आकाशाएवढा झाला, दुंदुभी वाजल्या, पुष्पवृष्टी झाली, आणि दोरीच्या आतले सगळे, पाणक्या बायका सोडून, देहासकट वर उचलले गेले. पाणक्या बायका आदल्या रात्रीच, ऋजुलेचे पाहून, एकेक करून दोरीखालून बाहेर आल्या होत्या आणि आपापला घाम घेऊन घरी गेल्या होत्या. वर जाणाऱ्यांत शुचिव्रत मुनींच्या मांडीला मांडी लावून ती गवताची बाई होती. स्वर्गाला तीच गेली.

खाली त्यांचे घाम राहिले. धनी ढगाआड दिसेनासा होईपर्यंत ते माना वर करून उभे होते. मग दोरी जळून गेली, आत आणि बाहेर काही उरले नाही, आणि त्यांना कुठे उभे राहावे ते कळेना. ते रानोमाळ पांगले. ते अजून हिंडतात. ऊन नसताना, काम नसताना, भर सावलीत बसलेल्या माणसाला अचानक दरदरून गार घाम फुटतो आणि आपण कशाला भ्यालो हे त्यालाच समजत नाही, तेव्हा त्यांच्यातला एखादा कोणाचे तरी अंग चाचपून पाहत असतो. आपला धनी नव्हे असे कळले की तो उतरून पुढे जातो.

मुनींचा मात्र कुठे गेला नाही. ऋजुलेने नदीकाठी झोपडी बांधली, रान मोडून शेत केले, आणि रोज दुपारी ती शेतातून मान वर करी तेव्हा तो मोहाखाली उभा असे. तिने त्याला कधी बोलावले नाही, आणि हाकललेही नाही. पावसाळे गेले. वेणुक हाताशी आला. एका ग्रीष्मात त्याने एकट्याने बांधावरचा मोठा खडक पहारीने उखडायला घेतला, आणि दिवस कलेपर्यंत उखडला. तो घरी आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. ऋजुला चुलीपुढे होती. तिने मान वळवली, बाहेर मोहाकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते.

“आई, काय गं?” वेणुक म्हणाला.

“काही नाही,” ती म्हणाली. “तुझ्या बापाचा वास आला.” आणि तिने त्याला पुसायला फडके दिले नाही. तसाच जेवायला वाढले.

शुष्मतीकाठची ही कथा जो कामावरून आल्यावर, तोंडावर पाणी मारायच्या आधी ऐकेल, त्याचे लेकरू त्याला अंधारातही ओळखील.